ढगांआडच्या समुद्रावर नजर ठेवताना

उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रावर लक्ष ठेवायचे, तर साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह फारसा उपयोगी पडत नाही. हिवाळ्यात तिथे कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही, आणि उन्हाळ्यात उजेड असला तरी धुके आणि ढग पाणी झाकून टाकतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने ढगांमुळे जवळजवळ हीच स्थिती असते. रडार उपग्रह मात्र स्वतःच सूक्ष्मलहरी खाली सोडतो आणि पृष्ठभागावरून परत येणाऱ्या लहरी टिपतो, त्यामुळे त्याला रात्र आणि ढग आडवे येत नाहीत.

या परतलेल्या लहरींपासून तयार होणारे चित्र वाचायला शिकणे मला फार मोलाचे वाटते. शांत पाण्यावर तिरप्या पडलेल्या लहरी पलीकडे निघून जातात, म्हणून ते काळे दिसते; वाऱ्याने उठलेल्या बारीक लाटा लहरींचा काही भाग परत पाठवतात, म्हणून तेवढे पाणी उजळते. तेलाचा तवंग याच बारीक लाटा दाबून टाकतो आणि उजळ समुद्रात काळा पट्टा होऊन उमटतो, तर जहाजाचे पोलादी कोन ठळक ठिपक्यासारखे चमकतात. जुन्या बर्फातील मीठ निघून गेलेले असते आणि त्यात हवेचे बुडबुडे राहिलेले असतात, त्यामुळे तो एका हिवाळ्यात तयार झालेल्या खारट बर्फापेक्षा साधारणपणे अधिक उजळ दिसतो. जहाजाच्या कप्तानासाठी हा भेद जिवाचा असतो, कारण जुना बर्फ जाड आणि कठीण असतो. तरीही वाऱ्याने खवळलेले पाणी आणि बर्फ कधी कधी सारखेच दिसतात, आणि तिथे अनुभवी विश्लेषकाची नजरच लागते.

माझे मुख्य म्हणणे उपग्रहांच्या संख्येविषयी आहे. पुराच्या दिवसांत आम्ही कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी वारंवार पाहतो, कारण 39 फुटांची इशारा पातळी ओलांडलेले पाणी 43 फुटांच्या धोका पातळीकडे किती वेगाने चढत आहे, हे एका नोंदीवरून कळत नाही. वाऱ्याबरोबर सरकणाऱ्या बर्फाचेही तसेच आहे. कॅनडाने 1995 आणि 2007 मध्ये एकेक रडारसॅट हा रडार उपग्रह पाठवला; पण 12 जून 2019 रोजी मात्र एकाच प्रक्षेपणात तीन उपग्रह सोडले. ध्रुवाजवळ उपग्रहांच्या कक्षा एकमेकींजवळ येत असल्याने या तिघांना मिळून आर्क्टिकचे, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीच्या प्रदेशाचे, काही भाग दिवसातून चार वेळांपर्यंत पाहता येतात. जहाजे आपली ओळख आणि ठिकाण कळवणारे जे एआयएस संदेश पाठवतात, तेही हे उपग्रह टिपतात; रडारमध्ये ठिपका आहे पण संदेश नाही, अशा जहाजाची चौकशी करता येते. लहान मासेमारी नौकांना ही यंत्रणा सर्वत्र सक्तीची नसल्याने असा प्रत्येक ठिपका संशयास्पद मानणे अर्थातच अन्यायाचे ठरेल.

एखादा उपग्रह निकामी झाला की काय होते, हे युरोपने अनुभवले आहे. त्यांचा सेंटिनेल-1बी हा रडार उपग्रह डिसेंबर 2021 मध्ये वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे बंद पडला आणि सेंटिनेल-1सी डिसेंबर 2024 मध्ये अवकाशात पोचेपर्यंत त्याची जागा रिकामीच राहिली. भारताचा ईओएस-04 हा रडार उपग्रह फेब्रुवारी 2022 मध्ये कक्षेत पोचला, परंतु ईओएस-09 हा तसाच उपग्रह मे 2025 मध्ये पीएसएलव्ही या प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्यातील दोषामुळे गमवावा लागला. इस्रो आणि नासा यांचा निसार हा रडार उपग्रह 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. तो अत्यंत समर्थ आहे. मात्र एकाच कक्षामार्गावर तो 12 दिवसांनी परततो आणि त्याचे रडार डावीकडे पाहत असल्याने दक्षिण ध्रुवाकडील भाग त्याला अधिक दिसतो. आर्क्टिकमधील नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर 2008 पासून ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र चालवणाऱ्या आणि इतका लांब किनारा लाभलेल्या देशाने ईओएस-09 च्या जागी एकच नव्हे, तर एका कक्षेत मागोमाग फिरणारे किमान दोन उपग्रह पाठवावेत, आणि त्यांची किनाऱ्यावरील चित्रे रत्नागिरी-मालवणच्या मच्छीमार संस्थांनाही त्याच दिवशी पाहता यावीत, असे मला मनापासून वाटते.