एक हाक म्हणजे किती मीटर?

गेल्या महिन्यात एका रविवारी मी इथे कोपनहेगनमध्ये एका रिकाम्या रकान्यापुढे अडीच तास बसून होते. रकान्याचे शीर्षक होते, 'निर्देशांकांची (म्हणजे जागेच्या अक्षांश-रेखांशांची) अनिश्चितता, मीटरमध्ये'. शेजारी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, १९८७ सालची वही उघडी होती आणि तिच्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलेले होते : 'शिंदळ माकुडी. कड्याच्या भेगेत, खालच्या टाक्यापासून हाकेच्या अंतरावर. फुले सहा.' (गडाचे नाव मी दिलेले नाही आणि खाणाखुणाही मुद्दाम बदलल्या आहेत; त्याचे कारण पुढे येईलच.)

अण्णांनी साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवले आणि सत्तावीस वर्षे दर पावसाळ्यात गड, पठारे, ओढे पायी पालथे घालून अकरा वह्या भरल्या. मागच्या दिवाळीत त्या वह्या मी माझ्या बॅगेतून इथे आणल्या, कारण ज्या जागतिक व्यवस्थेत अशा नोंदी एकत्र केल्या जातात, तिचे सचिवालय माझ्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर आहे. ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी, म्हणजे बोलीभाषेत 'जीबिफ', १९९९ साली आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या एका समितीने केलेल्या शिफारशीतून २००१ साली उभी राहिली. अमुक जीव, अमुक ठिकाणी, अमुक दिवशी आढळला, एवढ्या साध्या स्वरूपाच्या तीन अब्जांहून अधिक नोंदी आज तिथे कोणालाही फुकट पाहता आणि उतरवून घेता येतात. मात्र त्या एका जागी गोळा करून कुलपात ठेवलेल्या नाहीत. नोंदी ज्यांच्या त्यांच्याकडेच राहतात. सर्वांनी मान्य केलेली आहे ती फक्त रकान्यांची भाषा. तिला 'डार्विन कोअर' म्हणतात आणि ती २००९ साली प्रमाणित झाली. उतरवून घेतलेल्या प्रत्येक संचाला कायमचा क्रमांक मिळतो, त्यामुळे उद्या कोणी शोधनिबंध लिहिला तर त्यात वापरलेली नोंद कोणाच्या वहीतून आली, तिथपर्यंत मागे जाता येते. अण्णांची एक ओळ अशी कोणाच्या तरी कामी यावी, एवढीच माझी इच्छा होती.

पहिला तक्ता मी तपासणीच्या यंत्रणेला दिला तेव्हा अक्षांश आणि रेखांश यांची माझ्याकडून अदलाबदल झाली होती. साताऱ्याचा अक्षांश साधारण १७.७ आणि रेखांश ७४. ते उलटे पडल्यावर सह्याद्रीतली सगळी झाडे नॉर्वेच्याही उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या बर्फाळ समुद्रात जाऊन उभी राहिली. यंत्रणेने ती चूक क्षणात दाखवली. ती दुरुस्त करायला पाच मिनिटे लागली, पण त्या अनिश्चिततेच्या रकान्याने मला अडवले ते अडवलेच.

या रकान्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. बिंदू नकाशावर ठेवणे सोपे असते; त्या बिंदूभोवती केवढे वर्तुळ काढले म्हणजे खरी जागा नक्की त्याच्या आत येईल, हे सांगणे कठीण असते. हा रकाना तुम्हाला विचारतो की तुम्हाला जे ठाऊक नाही ते नेमके किती आहे. आयुष्यभर आपण परीक्षांत, मुलाखतींत, कार्यालयांत जे ठाऊक आहे तेवढेच सांगत आलो. अज्ञानाला मीटरमध्ये मोजून, त्याबद्दल कमीपणा न मानता, माहितीचाच भाग म्हणून लिहायचे, ही शिस्त मला या देशात येईपर्यंत कोणी शिकवली नव्हती. पन्नास मीटर लिहिलेली नोंद एखाद्या ओढ्याच्या काठाचा अभ्यास करणाऱ्याला उपयोगी पडते, पाच किलोमीटर लिहिलेली नोंद तालुक्याच्या नकाशाला पुरते आणि रिकामा सोडलेला रकाना मात्र दोघांचीही फसवणूक करू शकतो.

याच संदर्भात मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. युरोपातल्या वनस्पतिसंग्रहालयांत आपल्याकडून गेलेले एकोणिसाव्या शतकातले असंख्य नमुने आहेत आणि त्यांची छायाचित्रे आता घरबसल्या पाहता येतात. हूकर आणि थॉमसन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी वाटलेल्या संचातील कितीतरी कागदांवर एकच छापील चिठ्ठी असते : 'मलबार, कोकण इत्यादी. संग्राहक स्टॉक्स, लॉ इत्यादी.' त्या 'इत्यादी'त आमचा अख्खा घाट गडप झाला आहे. ते झाड कोणत्या गावचे, कोणत्या महिन्यातले आणि तिथवर वाट दाखवणारा गावकरी कोण, यांपैकी काहीही त्या चिठ्ठीवर नाही. तिच्यासाठी अनिश्चितता शेकडो किलोमीटर लिहावी लागते. डेन्मार्कचेही आपल्याशी असेच जुने नाते आहे. तमिळनाडूतले तरंगमबाडी १८४५ पर्यंत डॅनिश वसाहत होते आणि स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसचा शिष्य योहान क्योनिग १७६८ साली तिथे जाऊन झाडे गोळा करत होता. म्हणून इथला एखादा सहकारी 'भारतातून नोंदी फार कमी येतात' असे सहज म्हणतो, तेव्हा मला ते लागते. माझ्या वडिलांनी सायकल आणि एसटी यांच्या भरवशावर जे 'हाकेच्या अंतरावर' लिहिले, ते त्या छापील चिठ्ठीपेक्षा हजारपट नेमके आहे, हे मी त्याला त्याच दिवशी सांगितले.

पण घरी आल्यावर मला हेही आठवले की याच वह्या घेऊन मी पूर्वी मायदेशातल्या एका संस्थेकडे गेले होते. नोंदी प्रकाशित करायला नोंदणीकृत संस्था लागते, एकट्या व्यक्तीला ते करता येत नाही. तिथे तीन प्रतींत अर्ज दिला, दोन वेळा रजा काढून भेटायला गेले आणि शेवटी उत्तर मिळाले की वह्या जमा करा, मात्र त्यातील माहिती बाहेर देता येणार नाही. कपाटात ठेवण्यासाठीच जर त्या हव्या असतील, तर आमच्या घरचे कपाट काही वाईट नव्हते. मी देश सोडला म्हणून वह्याही देशाबाहेर नेल्या, असे एक नातेवाईक म्हणाले. त्यांना मी एवढेच सांगते, की वह्यांचे प्रत्येक पान पुन्हा साताऱ्यातूनच, कोणाच्याही मोबाइलवर उघडता यावे यासाठीच ही सगळी खटपट आहे. आणि आपल्याकडे सगळीकडे दारे बंदच आहेत, असेही नाही. 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल'वरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी जीबिफपर्यंत पोहोचतात आणि आपले पक्षिनिरीक्षक तर 'ईबर्ड' या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळामधून भर घालत आहेत.

त्या रविवारी संध्याकाळी मी अण्णांना फोन केला आणि विचारले, "अण्णा, हाकेच्या अंतरावर म्हणजे किती मीटर धरू?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हाक कोणाची, ते आधी सांग. आणि वारा कुठला? भाद्रपदात कड्यावर वारा असा असतो, की शेजारच्याचे ऐकू येत नाही."

पुढच्या आठवड्यात त्यांनी आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला त्या गडावर पाठवले. स्वतः शहात्तराव्या वर्षी ते पायथ्याशी चहाच्या टपरीवर बसून राहिले. विद्यार्थी टाक्यापाशी उभा राहिला, त्याचा मुलगा हाका मारत कड्याच्या बाजूने दूर गेला आणि जिथे शब्द कळेनासा झाला तिथे मोबाइलवर जागा टिपली. अंतर भरले १४० मीटर. अण्णांनी मला कळवले, "दोनशे लिही. मी त्यापेक्षा मोठ्याने ओरडत असे."

अकरा वह्यांत 'हाकेच्या अंतरावर' हे शब्द दोनशे बारा वेळा आले आहेत. बहुतेक ठिकाणी तेरडा, सोनकी, कारवी अशा सर्वत्र आढळणाऱ्या झाडांसाठी. त्या सगळ्या ओळींत आता २०० आहे. शिंदळ माकुडीची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती फक्त आपल्या महाराष्ट्रात, मोजक्या कड्यांवर उरलेली वनस्पती आहे आणि तिला उपटून नेणारे लोक आहेत. अशा प्रजातींसाठी जागा मुद्दाम ढोबळ करायची सोय या व्यवस्थेत आहे, फक्त ती ढोबळ केल्याचे स्पष्ट लिहावे लागते. म्हणून तिचे निर्देशांक मी दशांशाच्या एका स्थळापर्यंतच ठेवले. त्यामुळे वर्तुळ काही किलोमीटरांचे झाले आणि नेमकी जागा अण्णांच्या वहीतच राहिली.

तक्त्यात आणखी एक रकाना आहे, 'स्थळ, मूळ शब्दांत'. तिथे काहीही भाषांतर करायचे नसते, निरीक्षकाने लिहिले तसेच उतरवायचे असते, त्याच्या लिपीसह. काल रात्री चौथी वही पूर्ण केली तेव्हा तिच्या शेवटच्या ओळीत त्या रकान्यात मी देवनागरीत टंकले : 'कासच्या वाटेवर, डबक्यात वायतुरा, गुडघाभर पाण्यात. म्हसरे बसली होती, म्हणून पुढे गेलो नाही.' पाचवी वही १९९४ची आहे आणि तिची पहिली वीस पाने पावसात भिजून एकमेकांना चिकटली आहेत. ती सुटी करण्याविषयी इथल्या संग्रहालयातल्या एका बाईंना मी विचारले आहे. त्यांनी बुधवारी बोलावले आहे.