स्टिकरवरचा 01 आणि अँटवर्पचा मंगळवार

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले बरेचसे देश. त्या व्हिसाच्या स्टिकरवर एक लहानसा रकाना असतो, किती वेळा आत येता येईल त्याचा. त्यात 01, 02 नाहीतर ‘मल्ट’, म्हणजे कितीही वेळा, असं छापलेलं असतं. पासपोर्ट परत आले की लोक आधी आपला फोटो कसा आलाय ते बघतात, आम्ही सहली नेणारे आधी हा रकाना बघतो. बडोद्याच्या 22 जणांच्या गटात 21 पासपोर्टांवर मल्ट होतं आणि दांडिया बाजारातल्या एका मावशींच्या पासपोर्टवर 01. अर्ज सगळ्यांचे एकाच साच्यातले, बोटांचे ठसे एकाच दिवशी अहमदाबादला जाऊन दिलेले, विमा सगळ्यांचा किमान 30,000 युरोंचा. मग यांनाच 01 का, ते कुणी सांगत नाही.

आमचा मार्ग होता पॅरिस तीन रात्री, तिथून रेल्वेने लंडन तीन रात्री, परत रेल्वेने ब्रसेल्स, त्याच दुपारी अँटवर्प, आणि शेवटी अ‍ॅमस्टरडॅम. पॅरिसला उतरलं की एक प्रवेश वापरला गेला. लंडनला गेलात की शेंगेनच्या बाहेर पडलात. ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होतं तेव्हाही शेंगेनमध्ये नव्हतं. परत यायला दुसरा प्रवेश हवा. व्हिसाची मुदत कितीही शिल्लक असो, 01 वाल्याला तो नाही. आणि अडवतात ते ब्रसेल्सला नाही, लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनातच. फ्रेंच सीमा पोलिसांच्या खिडक्या तिथे, गाडीत बसायच्या आधी आहेत. म्हणजे मावशी लंडनमध्ये, सामान फलाटावर आणि परतीचं विमान अ‍ॅमस्टरडॅमहून.

नव्याने अर्ज करायला वेळ नव्हता. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या किमान 15 दिवस आधी द्यावा लागतो, आणि पासपोर्ट हातात आले तेव्हा निघायला 12 दिवस राहिले होते. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, तो आधी करून घ्यावा लागतो, आणि एकच पासपोर्ट दोन दारांत फिरला, त्यात दिवस गेले.

बातमी गटात पसरली तेव्हा दोघांनी बाजूला घेऊन सुचवलं, मावशींचे पैसे परत करा आणि विषय संपवा. गरब्याला शेजारी बसणारी, एकमेकांकडे श्रीखंडाचे डबे पाठवणारी माणसं ही. सहलीचे पैसे भरले की माणसाचा शेजारधर्म सुटीवर जातो, हे या धंद्यात नेहमीचंच.

उपाय तसा सोपा होता. लंडन आधी घ्यायचं. मग सेंट पँक्रासला सगळे एकदाच शेंगेनमध्ये शिरतात आणि 01 पुरतो. अडलं ते विमानावर. ठरलेल्या दिवशी मुंबई-लंडन गटाच्या जागा नव्हत्या, दुसऱ्या दिवशी होत्या. सगळा कार्यक्रम एक दिवस पुढे सरकला आणि रविवारचं अँटवर्प सोमवारी आलं.

युरोपचा कार्यक्रम आखताना तारखेपेक्षा वार बघावा. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं. ते आमच्या नव्या मार्गात शनिवारी येत होतं, म्हणून वाचलं. अँटवर्पचं रेड स्टार लाइन या जुन्या बोट कंपनीचं संग्रहालय सोमवारी बंद. तिकडच्या एजंटाने सुधारित कार्यक्रम पाठवला, त्यात सोमवार तसाच ठेवून पुढे लिहिलं होतं, ‘बाहेरून फोटो’. वाचलेल्या दोन तासांत हिऱ्यांचं दुकान आणि चॉकलेट. दुकानांतून कमिशन मिळतं, संग्रहालयातून मिळत नाही. ‘बाहेरून फोटो’ हे आमच्या धंद्यातलं सर्वांत निलाजरं वाक्य आहे. गिऱ्हाइकाला वाटतं जागा दाखवली, आणि जागा दाखवलेली नसते.

हे संग्रहालय सोडायचं नव्हतं, त्याला कारण होतं. 1873 ते 1934 या काळात रेड स्टार लाइनच्या बोटींनी सुमारे 20 लाख माणसं अँटवर्पहून अमेरिकेच्या दिशेने नेली, बरीचशी पूर्व युरोपातली गरीब आणि ज्यू कुटुंबं. संग्रहालय 2013 मध्ये उघडलं ते कंपनीच्याच जुन्या इमारतींत, धक्क्याला लागून. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना तिथे अंघोळ घालत, कपडे आणि सामान वाफेच्या भट्टीत घालून निर्जंतुक करत, डॉक्टर डोळे आणि डोकं तपासत. पहिल्या वर्गाला यातलं फारसं काही सोसावं लागत नसे.

कंपनी एवढा खर्च का करायची, हे प्रवासी कंपनी चालवणाऱ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेच्या 1891 च्या कायद्याने नाकारलेला माणूस परत नेण्याचा खर्च बोट कंपनीवर टाकला. 1903 मध्ये संसर्गजन्य आजाराचा माणूस आणला तर डोक्यामागे 100 डॉलर दंड आला. तेव्हापासून अमेरिकेची खरी चाळणी अँटवर्पच्या धक्क्यावर लागली. आज मुंबईला विमान कंपनीचा माणूस काउंटरवर आपला व्हिसा उलटसुलट करून बघतो तो याच हिशेबाने. चुकीचा माणूस नेला तर दंड हजारो युरोंचा, वर परत आणायचं तिकीट. लोक त्या काउंटरवरच्या पोरावर ओरडतात. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच केलं असतं.

प्रदर्शनाची सुरुवात होते वॉर्सामधल्या एका ट्रॅव्हल एजन्सीपासून. मग रेल्वे, अँटवर्प शहर, कंपनीची इमारत, बोट आणि शेवटी न्यूयॉर्कचं एलिस आयलंड, जिथे उतरलेल्यांची तपासणी होई. गटातले लोक त्या एजन्सीपुढून दोन मिनिटांत पुढे जातात. आमच्या टूर मॅनेजरला बजावलं होतं, तिथे थांबव. गावोगावचे दलाल तिकिटामागे पैसे घेत, स्वप्नं दाखवत, आणि कागद अपुरा निघाला की भोगायचं ते प्रवाशाने. आपल्या धंद्याचे आजोबा ते.

इटा मोएल नावाच्या मुलीची गोष्ट तिथे आहे. 1920 च्या दशकात कुटुंब अमेरिकेला निघालं आणि तिच्या डोळ्यांत खुपऱ्या निघाल्या, म्हणजे डोळ्यांचा संसर्गजन्य आजार. बाकीचे गेले, तिला अँटवर्पमध्ये राहावं लागलं, पुन्हा भेट व्हायला काही वर्षं गेली. प्रदर्शनातला मजकूर इंग्रजीत मिळतो, पण सत्तरीच्या माणसाला उभं राहून ती बारीक अक्षरं वाचवत नाहीत. म्हणून दोन पानांचं मराठी टिपण करून दिलं, मोठ्या अक्षरांत, 16 पॉइंटात, बसमध्ये वाचायला. ब्रसेल्स ते अँटवर्प 45-50 किलोमीटर, तेवढ्यात वाचून होतं. आत गेल्यावर कागद हातात देऊ नये, लोक कागद बघतात आणि भिंत बघत नाहीत.

शेवटी आखणी अशी बसली. सोमवारी पॅरिस ते ब्रसेल्स, सुमारे 300 किलोमीटर. सलग साडेचार तास गाडी चालवल्यावर ड्रायव्हरला 45 मिनिटं थांबावंच लागतं, म्हणून त्याआधीच चहाचा थांबा. संध्याकाळी ब्रसेल्सचा मोठा चौक, मुक्काम तिथेच. मंगळवारी सकाळी दहाला, दार उघडताना, संग्रहालय. आत दोन तास. गटाची वेळ आधी घेतलेली बरी. अँटवर्पमध्ये जुन्या इंजिनांना बंदी असलेला पट्टा आहे, बस कुठली येणार ते लेखी विचारून घ्यावं. दुपारचं शाकाहारी जेवण ही तिथे अडचणच नाही. अँटवर्पमध्ये स्थायिक झालेल्या, मूळ गुजरातमधल्या पालनपूरच्या हिरेवाल्यांमुळे सोय होते. गटातल्या गुजराती जोडप्याला संग्रहालयाइतकाच रस त्यांच्यात होता, आणि तो रास्त होता. तीही स्थलांतराचीच हकीकत, फक्त त्यांचे कपडे भट्टीत घातले गेले नाहीत. मग 160 किलोमीटरवर अ‍ॅमस्टरडॅम. परतीची तारीख हलवता येत नव्हती, म्हणून तिथला मुक्काम कमी झाला, आणि त्यासोबत झान्से स्कान्सच्या पवनचक्क्या गेल्या. पवनचक्क्यांवरून जेवढे फोन आले तेवढे 01 वरून आले नव्हते.

टिपण वाचून मावशींनी टूर मॅनेजरला एकच प्रश्न विचारला. परत पाठवलं तर भाडं कुणाचं? कोषागारात नोकरी केलेल्या बाई, प्रश्न बरोबर जागी पडला. तोच आमच्यापुढे अजून आहे. तिकिटं बदलण्याचा फरक आणि ब्रसेल्सची जादा रात्र मिळून रक्कम बरीच झाली. छापील अटींप्रमाणे व्हिसामुळे झालेला खर्च त्या प्रवाशाचा, म्हणजे सगळा मावशींचा. त्या द्यायलाही तयार आहेत. पण बदललेल्या मार्गाने 22 जण फिरले, आणि सेंट पँक्रासला त्या अडकल्या असत्या तर 21 जणांचा दिवस गेलाच असता. 22 भाग करावेत तर पवनचक्कीवाले भांडायला उभे. आम्ही अर्धा भाग उचलायचा आणि अर्धा 22 जणांत वाटायचा, असा एक हिशेब मांडून ठेवलाय. वकील म्हणतो, एकदा असं केलंत की अटींतलं ते कलम पुढे कुणीच मानणार नाही. त्याचं म्हणणं खोडता येत नाही, आणि मावशींच्या नावाची पूर्ण रकमेची पावती फाडायला हातही उचलत नाही.