जुनं 65 आणि नवं पी 8 एक्स, एकाच टेबलावर

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या एअर पिस्तुलांना काही झालेलंच नसतं. साइटचा स्क्रू ढिला, नाहीतर एखादी ओ रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) गेलेली, आणि बऱ्याचदा तर पोराचं मनगट वाकतंय आणि आईबाप पिस्तुलाला नावं ठेवतायत. त्यामुळे साताऱ्याहून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले, फडक्यात गुंडाळलेलं फाइनवर्कबाऊ 65, म्हणजे जर्मन बनावटीचं जुनं स्प्रिंगचं एअर पिस्तूल, टेबलावर ठेवून म्हणाले "ट्रिगर फार जड आहे, बदलून द्या", तेव्हा मी आधी फ्रेमवरचा बारका खटका बघितला. होता 1360 वरच.

या मॉडेलचा ट्रिगर ओढायला लागणारी दोन वजनं आहेत, 500 ग्रॅम आणि 1360 ग्रॅम, खटक्याने निवडायची. मॅचमध्ये एअर पिस्तुलला किमान 500 लागतं, आणि सेंटर फायरला, म्हणजे मोठ्या काडतुसाच्या पिस्तुलाला, त्या काळी 1360चा नियम होता, म्हणून त्या नेमबाजांना घरी सराव करता यावा अशी सोय केलेली. खटका फिरवला, वजन लटकवून दाखवलं, मुलीने ट्रिगर ओढला आणि चेहराच बदलला तिचा. वडील मात्र जरा खट्टू झाले, एवढ्या लांब येऊन फक्त खटका?

पण क्रोनोवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, घेतलं तर पेलेट (शिशाचा छर्रा) सेकंदाला नव्वद मीटरच्या आसपास, आणि प्रत्येक शॉट वेगळा. उघडलं. आत पिस्टनच्या तोंडाच्या प्लास्टिक बफरचा पिवळा चुरा झालेला, जुन्या फाइनवर्कबाऊंचं हे ठरलेलं दुखणं आहे, प्लास्टिक वयाने सडतं, वापरा नाहीतर कपाटात ठेवा. बाकी आतलं काम बघून मात्र मी जरा वेळ नुसता बघतच बसलो. पूर्वी माऊझरमध्ये असलेल्या दोघा इंजिनिअरांनी 1949 साली ही कंपनी काढली, जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फची, आणि 65 मध्ये त्यांनी काय केलंय तर स्प्रिंग सुटली की बॅरलसकट वरचा सगळा भाग रुळांवर मागे सरकतो, झटका तिथेच संपतो, हाताला जवळपास काही कळत नाही. ते रूळ इतक्या वर्षांनी सुद्धा डुगडुगत नव्हते. आधी कोणीतरी, बहुतेक सायकलवाल्याने, त्यात चिकट ग्रीस कोंबलं होतं, ते काढायलाच जास्त वेळ गेला. बफर आणि सील नवीन टाकले, वेग एकशे तीसच्या वर गेला आणि स्थिर राहिला.

मग वडिलांनी खरा प्रश्न काढला. पिस्तूल आजोबांचं, मुलगी जिल्ह्याला खेळते, कोच म्हणतो याच कंपनीचं हवेच्या सिलिंडरवर चालणारं नवं पी 8 एक्स घ्या, सगळी वर जाणारी मुलं नवीनच वापरतात. ते दोन लाखांच्या पुढे. "आणि त्याचा सिलिंडर दहा वर्षांनी फेकून द्यायचा म्हणे? आणि मनू भाकरचं टोकियोत बघितलं ना, ऐन मॅचमध्ये बंद पडलं!" मी म्हटलं दादा, ते दुसऱ्या कंपनीचं, इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं, आणि तिनेच पुढे पॅरिसला नव्या जमान्याच्याच पिस्तुलाने दोन ब्राँझ आणले. सिलिंडरचं मात्र खरं आहे, आत 200 बार दाबाची हवा असते, तारीख उलटली की मॅचला चालत नाही.

एक पी 8 एक्स सर्व्हिसिंगला आलेलं होतंच, मालकाला फोन करून विचारलं आणि दोन्ही पिस्तुलं आळीपाळीने व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाच्या शिकंजात, बांधून दहा मीटरवर मारली. दोन्हींचे ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचे पुंजके, एकमेकांवर ठेवले तर कुठलं कुठल्याचं ते मलाही सांगता आलं नसतं. वडील खूश! तिथेच थांबलो असतो तर दोन लाखांचा प्रश्नच मिटला असता.

पण व्हाइस मॅच खेळत नाही. मुलीला म्हटलं मार, पूर्ण मॅचसारखी, आधी साइटर (न मोजायचे अंदाजाचे शॉट) आणि मग 65ने साठ शॉट. दर शॉटला बाजूचा लिव्हर ओढून स्प्रिंग दाबायची, चौदा वर्षांच्या पोरीचा दंड तो केवढा. दहा-दहा शॉटच्या पहिल्या दोन सिरीज सुंदर, आठ-नऊ-दहाच, चौथीपासून शॉट खाली घसरायला लागले, मग डावीकडे. जेवण करून, हात मोकळा झाल्यावर पी 8 एक्सने मारले. त्यात लिव्हर बोटाने उघडायचा, स्प्रिंग दाबायचीच नसते, मोजलेली हवा पेलेटला ढकलते, आणि पिस्टनचा सगळा प्रवास गेल्यामुळे ट्रिगर सुटल्यापासून पेलेट बाहेर पडेपर्यंतचा वेळ बराच कमी. वर ॲब्सॉर्बर आहे तो उरलेलं जर्कही खातो. म्हणजे शेवटच्या क्षणी हात हलला तरी पिस्तूल तेवढं माफ करतं. तिच्या शेवटच्या सिरीजमध्येही फार फरक पडला नाही. 65 माफ करत नाही. काही जुने कोच म्हणतात की म्हणूनच त्यावर शिकावं, ते मला पटत नाही, त्यांना स्वतःला तेव्हा दुसरं काही मिळत नव्हतं एवढंच.

मी वडिलांना दोन्ही टार्गेटं हातात दिली आणि सांगितलं की बॅरल तुमच्याकडे आहे ती कमी नाही, पैसे घालताय ते हात थकल्यावरच्या शॉटसाठी. ते म्हणाले, मग घ्यायचं की नाही ते सांगा ना. आता हे मी कसं सांगू? पगार किती ते मला माहीत नाही, पोरगी दोन वर्षांनी खेळणार की दहावी करणार तेही माहीत नाही. मी एवढंच सुचवलं की आधी वर्षभर क्लबचं वापरू द्या, मग ठरवा. क्लबकडे पिस्तुलं आहेत, मी स्वतः सर्व्हिस केलीयेत. आठवड्याने फोन आला, कोच म्हणतो ती राज्याला खेळलेल्या मुलांसाठी राखीव आहेत. आणि ती कपाटात कुलपात आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण सर्व्हिसला येतात तेव्हा दर वेळी लोडिंगच्या जागी न वापरल्याची धूळ असते.