आमच्या कोडमध्ये नसलेलं फंक्शन

बिल्ड सर्व्हरवर लिंकर (कोडला लायब्ररी जोडून प्रोग्राम तयार करणारं टूल) ओरडत होता, 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू ईव्हीपी_एमडी_गेट_साइझ', म्हणजे या नावाचं फंक्शन सापडत नाही, आणि आमच्या अख्ख्या कोडमध्ये हे नावच नाही, ग्रेप मारला (सगळ्या फाइलींत शोधलं) तर काहीच नाही. लॅपटॉपवर मात्र तोच कोड, तेच उबंटू २२.०४, आणि बिल्ड मस्त होतंय.

टीममधल्या एकाने लगेच सांगितलं, एलडी_लायब्ररी_पाथ, म्हणजे लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारं व्हेरिएबल, एक्स्पोर्ट कर. लायब्ररीचं काहीही बिनसलं की सगळे हाच अंगारा लावतात. अरे बाबा, ते व्हेरिएबल प्रोग्राम सुरू होताना लोडर बघतो, बिल्डच्या वेळी 'डॅश एल क्रिप्टो' (क्रिप्टो लायब्ररी जोड) दिलं की लिंकर फाइल शोधतो तेव्हा त्याचा काही संबंध नसतो.

नावाचा उलगडा आधी झाला. २०२१ मध्ये ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी, क्रिप्टो तिचाच भाग) ३.० आलं तेव्हा ईव्हीपी_एमडी_साइझ हे फंक्शन 'गेट_साइझ' झालं आणि जुनं नाव हेडरमध्ये नुसतं मॅक्रो (कंपाइलआधी दुसऱ्या मजकुराने बदललं जाणारं नाव) म्हणून उरलं. म्हणजे आम्ही लिहिलं जुनं, प्रीप्रोसेसरने केलं नवं, आणि लिंकरच्या हाती लागली १.१ ची लायब्ररी, जिच्यात हे नावच नाही. पण ही १.१ आली कुठून? मेकफाइलमध्ये 'डॅश कॅपिटल एल', म्हणजे लायब्ररीसाठी जादा पाथ देणारा पर्याय, एकही नाही.

जीसीसी हा कंपायलर स्वतः लिंक करत नाही, कलेक्ट-टूला बोलावतो आणि तो पुढे एलडी या खऱ्या लिंकरला. 'डॅश व्ही' लावलं की ती पूर्ण कमांड दिसते, क्रमासकट: आधी आपण दिलेले पाथ, मग लायब्ररी_पाथ या व्हेरिएबलमधले, मग जीसीसीचे नेहमीचे, आणि जिथे पहिल्यांदा सापडेल ती लायब्ररी घेऊन मोकळा. त्या लांबलचक ओळीत मध्येच ऑप्ट फोल्डरखालचा एक पाथ होता जो आमच्यापैकी कोणीच लिहिला नव्हता. कुठल्याशा व्हेंडर टूलच्या इन्स्टॉलरने प्रोफाइल-डी मध्ये (लॉगिनला आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टची जागा) लायब्ररी_पाथ सेट करून ठेवलेला, सगळ्या युजरसाठी! असली स्क्रिप्ट रिव्ह्यू न करता सर्व्हरवर कशी जाते हे मला अजून कळलेलं नाही.

लायब्ररी_पाथ अनसेट केला, बिल्ड झालं. पण एरर आला तो केवळ ते एक नाव बदललं म्हणून. ज्या टूल्समध्ये न बदललेली फंक्शन्सच वापरलीत ती गपगुमान १.१ शी लिंक झाली असणार, म्हणून रीडएल्फ डॅश डी (प्रोग्रामला कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) मारून बघितलं तर दोन टूल्सच्या 'नीडेड' यादीत लिबक्रिप्टो डॉट एसओ डॉट १.१. कस्टमरकडे २२.०४ आहे, तिथे १.१ नसतेच, ती टूल्स सुरूच होणार नाहीत. आता कुठली रिलीज कोणाकडे गेली ते शोधत बसलोय.