लांबचा ऑब्जेक्ट लांबचाच दिसू द्या

रिव्ह्यूला, म्हणजे तपासायला, आलेल्या कोडमध्ये 'काटा.नोंदव(गाडी)' अशी ओळ दिसली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा 'काटा' ऑब्जेक्ट (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधलेला कोडचा घटक) याच प्रोसेसमध्ये, म्हणजे याच चालू प्रोग्रॅममध्ये, आहे की नेटवर्कच्या पलीकडे? उत्तर शोधायला तीन फाइली उघडाव्या लागल्या, तर तो कोड मी परत पाठवते. टीममधल्या नव्या मुलांना हे फार कडक वाटतं. एकाने विचारलंच, "ताई, पण आतले तपशील लपवण्यासाठीच तर इंटरफेस असतो ना?" (इंटरफेस म्हणजे बाहेरून कोणती कामं मागता येतील त्याची यादी.) म्हणून हे सविस्तर लिहितेय.

रिमोट प्रोसिजर कॉलची (आरपीसी) कल्पना ज्यामुळे रुजली तो बिरेल आणि नेल्सन या संगणकशास्त्रज्ञांचा, झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातला निबंध 1984 सालचा. दुसऱ्या मशीनवरची प्रोसिजर (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) आपल्याच प्रोग्रॅममधल्यासारखी हाकता यावी, हा त्यांचा हेतू. इंटरफेस लिहायचा, त्यावरून स्टब (पलीकडच्या प्रोसिजरच्या वतीने इथे उभा राहणारा कोड) आपोआप तयार होणार, आणि पॅकेट बांधणं-सोडणं स्टबने सांभाळायचं. सगळ्यांनी उचललं ते एवढंच. पण त्याच निबंधात आणखी एक गोष्ट स्वच्छ लिहिलेली आहे. कॉल परत आला, तर पलीकडची प्रोसिजर नेमकी एकदा चालली. एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) आलं, तर ती एकदा चालली असेल किंवा चाललीच नसेल, आणि यातलं काय झालं ते कॉल करणाऱ्याला कळत नाही.

माझा सगळा आग्रह या वाक्यापाशी येतो. साध्या मेथड कॉलला, म्हणजे त्याच प्रोग्रॅममधल्या ऑब्जेक्टकडे काम मागण्याला, अशी अधांतरी अवस्था नसते. मेथड परत येते, एक्सेप्शन टाकते किंवा अख्खी प्रोसेसच कोसळते. 'झालं की नाही ते माहीत नाही' हे उत्तर फक्त नेटवर्क देतं.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड जगात हे विसरणं जास्त सोपं झालं. 1991 मध्ये कॉर्बा हे वेगवेगळ्या मशीनवरचे ऑब्जेक्ट जोडणारं मानक आलं, 1997 मध्ये जावा 1.1 सोबत आरएमआय ही जावाची तशीच सोय आली, आणि लांबचा ऑब्जेक्ट हातात धरल्यासारखा वाटू लागला. या मोहाविरुद्ध 1994 मध्येच सन मायक्रोसिस्टिम्सच्या जिम वाल्डो, जेफ वायंट, अ‍ॅन वॉलरॅथ आणि सॅम केंडल यांनी लिहून ठेवलं होतं. लागणारा वेळ, मेमरीपर्यंतची पोच, अर्धवट बिघाड आणि समांतर चालणं, या चार बाबतींत लांबचा आणि जवळचा ऑब्जेक्ट वेगळे असतात, आणि हा फरक झाकू नये, असं त्यांचं म्हणणं. यातल्या वॉलरॅथ पुढे आरएमआयच्या मुख्य रचनाकार झाल्या. म्हणूनच आरएमआयच्या प्रत्येक रिमोट मेथडवर 'रिमोटएक्सेप्शन' जाहीर करणं सक्तीचं आहे. लोक त्यावर वैतागतात, ते रनटाइम एक्सेप्शनमध्ये (जे जाहीर करावं लागत नाही) गुंडाळून मोकळे होतात. मला मात्र ती सक्ती आजही अत्यंत योग्य वाटते.

एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आमच्याकडे दुरुस्तीला आलं होतं. भर गाळप हंगाम, काट्यावर ट्रॅक्टरची रांग, आणि काट्यावरचा संगणक प्रत्येक वजन मुख्य सर्व्हरला आरपीसीने कळवणार. सर्व्हर नोंद करायचा, पण उत्तर वाटेत हरवायचं. टाइमआउट झाला, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची वेळ संपली, की प्रॉक्सी ऑब्जेक्ट (सर्व्हरच्या वतीने काट्यावर बसलेला ऑब्जेक्ट) आतल्या आत तोच कॉल पुन्हा करायचा, आणि एकाच खेपेचा ऊस दोनदा मांडला जायचा. वरच्या कोडमध्ये काहीच दिसत नव्हतं, कारण तिथे एक साधी, देखणी मेथड होती. उसाचं बिल याच टनावर निघतं, त्यामुळे असली चूक थेट शेतकऱ्याच्या हिशेबात उतरते.

त्यावर इलाज कॉल करणाऱ्याच्या बाजूने सुरू झाला. खेपेचा क्रमांक काट्यावरच तयार करायचा आणि रिट्रायला, म्हणजे कॉल पुन्हा करताना, तोच पाठवायचा. सर्व्हरला तो आधी दिसला असेल, तर नवी नोंद न करता जुनीच पावती परत द्यायची. क्लासच्या नावात 'रिमोट' आलं. प्रत्येक कॉलला डेडलाइन, म्हणजे उत्तरासाठी थांबायची मुदत, आली. (जीआरपीसी ही आरपीसीची तयार चौकट वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे आपण डेडलाइन दिली नाही तर ती नसतेच.) गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन यांचे वेगवेगळे सेटर (एकेक किंमत भरणाऱ्या छोट्या मेथड; किंमत वाचणाऱ्या त्या गेटर) जाऊन एकच मेथड राहिली. मेमरीतला कॉल काही नॅनोसेकंदांत होतो, नेटवर्कवरची एक फेरी मिलिसेकंदांच्या हिशेबात जाते. गेटर-सेटरची चैन तिथे परवडत नाही.

आणि टेस्ट. सर्व्हर बंद ठेवून घेतलेली टेस्ट मी पुरेशी मानत नाही. सर्व्हरला नोंद पूर्ण करू द्या, फक्त उत्तर मध्येच गिळून टाका, मग रिट्राय होऊ द्या आणि डेटाबेसच्या टेबलमधल्या ओळी मोजा. ही टेस्ट सोबत नसेल, तर रिमोट मेथड असलेला कोड माझ्याकडून मर्ज होत नाही, म्हणजे मुख्य कोडमध्ये जात नाही.