दाण्याचे कूट आणि एक ते सातची पट्टी

माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, असे कोल्हापुरात सांगितले की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास आणि मग कीव उमटते. वांग्याच्या भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपवासाच्या खिचडीत तर कूटच जास्त, भडंगात अख्खे दाणे आणि ताटाच्या डाव्या बाजूला दाण्याची चटणी, अशा गावात ही मुलगी जगते कशी, हा प्रश्न लोकांना पडतो. पण "वर्षातून किती वेळा होतं?" असे कोणी विचारले, तर खरे उत्तर ऐकून तो निश्चिंत होतो, कारण नऊ वर्षांत तिला मोठा त्रास केवळ दोनदा झाला आहे. दोन ही संख्या खरी असली तरी आमच्या घराबद्दल ती जवळजवळ काहीच सांगत नाही.

गेल्या वर्षी आमच्या डॉक्टरांनी एक प्रश्नावली भरायला दिली, तेव्हा ही संख्या जे सांगत नाही ते मोजण्याचेही एक शास्त्र आहे, हे मला प्रथम कळले. अशी प्रश्नावली जे मोजते, त्या इंग्रजीतल्या 'क्वालिटी ऑफ लाइफ'साठी आपण 'जीवनमान' म्हणावे तर पगार आणि फ्रिज डोळ्यांसमोर येतात. मी मनातल्या मनात 'जगण्याची प्रत' म्हणते. आजारांसाठी सर्वसाधारण प्रश्नावल्या पूर्वीपासून आहेत. त्यांतली एसएफ-३६ ही बहुधा सर्वांत प्रसिद्ध. तीत जिने चढता येतात का, सामान उचलता येते का, असे विचारतात. माझी मुलगी पन्हाळ्याची चढण धावत चढते. अशा कसोटीवर ती ठणठणीतच ठरणार, आणि नेमकी हीच उणीव ओळखून अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी वेगळी साधने तयार झाली. पालकांवरचा भार मोजणारी १७ प्रश्नांची एक प्रश्नावली २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. पुढे युरोप्रिव्हॉल या युरोपीय प्रकल्पात आयर्लंड आणि नेदरलँड्समधील संशोधकांनी लहान मुलांचे पालक, ८ ते १२ वर्षांची मुले, किशोरवयीन आणि प्रौढ अशा चौघांसाठी स्वतंत्र नमुने तयार केले. आमच्या हाती त्यांतले पहिले दोन आले: एक मला, एक तिला.

हे प्रश्न कोणी टेबलाशी बसून सुचेल तसे लिहिलेले नाहीत, ही गोष्ट मला विशेष आवडली. आधी रुग्णांशी आणि कुटुंबांशी बोलून त्रासांची लांबलचक यादी करतात. मग प्रत्येक त्रास किती जणांना होतो आणि तो त्यांना किती महत्त्वाचा वाटतो, हे पाहून जे दोन्हीकडे खाली राहतात ते गाळतात. उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला सात पायऱ्यांच्या पट्टीवर उत्तर द्यायचे आणि शेवटी सरासरी काढायची. सरासरी जितकी वर, तितके जगणे अडलेले. साधारण अर्ध्या गुणाचा फरक पडला तर तो माणसाला खरोखर जाणवण्याजोगा मानतात. जोडीला आणखी काही प्रश्न असतात: चुकून तो पदार्थ पोटात जाण्याची शक्यता किती वाटते, त्रास तीव्र होण्याची किती, वेळेवर योग्य ते करता येण्याची किती, आणि मृत्यूची किती. मुख्य गुण या भीतीशी सुसंगत आहेत का, हे त्यावरून तपासले जाते. शास्त्र म्हणून हे समजते. पण त्या शेवटच्या प्रश्नावर माझे पेन बराच वेळ थांबले होते.

आकड्यांचा मोह किती फसवा असतो, याचे एक उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. याच युरोप्रिव्हॉलच्या जोडप्रकल्पात बंगळूर आणि म्हैसूर भागातील प्रौढांची पाहणी झाली, तेव्हा रक्तचाचणीत कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडे असलेले लोक २६.५ टक्के निघाले, पण ते अन्न खाल्ल्यावर त्रासही होणारे, म्हणजे अ‍ॅलर्जीची दाट शक्यता असलेले, जेमतेम १.२ टक्के. रक्तातला आकडा म्हणजे आजार नव्हे, आणि आजार असला तरी त्याचे ओझे त्या आकड्यात मावत नाही. २००३ मधल्या एका छोट्या ब्रिटिश अभ्यासात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या २० मुलांची तुलना इन्सुलिन घेणाऱ्या २० मधुमेही मुलांशी केली होती, आणि जगण्याची प्रत अ‍ॅलर्जीवाल्या मुलांची अधिक खालावलेली आढळली. रोज सुई टोचून घेणाऱ्या मुलांपेक्षा! मला मात्र त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही, कारण सुईची वेळ ठरलेली असते आणि कूट कोठून येईल ते ठरलेले नसते.

मी ते प्रश्न घरी मराठीत उतरवून घेतले. हे नियमाला धरून नाही, हे मला मान्य आहे. प्रश्नावलीचे रीतसर भाषांतर करताना ते पुन्हा मूळ भाषेत फिरवून आणि लोकांकडून वाचून घेऊन तपासावे लागते, त्यामुळे आमचा आकडा आमच्याच मागच्या-पुढच्या आकड्यांशी ताडून पाहावा, इतरांच्या नव्हे. शिवाय अर्थ नुसत्या शब्दांनी उतरत नाही. हॉटेलांवरच्या मर्यादेबद्दलच्या प्रश्नाला मी दोन दिले, कारण आम्ही हॉटेलात जातोच कितीसे? आमचे अडते ते एकादशीला, लग्नाच्या पंगतीत, महाप्रसादात, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. तिळाच्या लाडवात दाणे असतातच, आणि "तिळगूळ घ्या" म्हणणाऱ्या काकूंना नाही म्हणायचे तरी कसे? मुलगी हात पुढे करते, लाडू रुमालात घेते आणि घरी येऊन हात साबणाने धुते. एका काकूंनी एकदा म्हटले होते, "एवढंसं कूट, त्यानं काय हुतंय?" त्या दिवशी इंजेक्शनची कुपी आणि सिरिंज असलेला स्टीलचा डबा माझ्या पर्समध्ये होता, आणि पूर्ण संध्याकाळ माझा हात त्या पर्सवर होता. हा प्रसंग 'त्रास' म्हणून कोठेही नोंदला जाणार नाही, कारण त्या दिवशी काही घडलेच नाही.

दोघींचे कागद शेजारी ठेवले तेव्हा माझी सरासरी तिच्यापेक्षा बरीच वर निघाली. पालक आणि मूल यांची उत्तरे जुळत नाहीत, हे संशोधकांना ठाऊक आहे आणि म्हणूनच मुलांना वेगळा कागद देतात. खाण्यावरच्या बंधनांना मी पाच-सहा दिले होते, तिने दोन-तीन. दाण्याची चटणी तिने कधी चाखलीच नाही, तर तिला तिची उणीव कशी भासणार? तिने सरळ सात दिला होता तो मात्र चारचौघांत वावरण्याशी संबंधित एका प्रश्नाला. मी तिला कारण विचारले. ती म्हणाली, "आई, तू वर्गात येऊन सगळ्यांसमोर सांगतेस ना, ते."

मी सांगणे थांबवणार नाही. वर्गातल्या डब्यांत काय असते ते मला माहीत आहे. पण या जूनमध्ये आम्ही असे ठरवले की वर्गशिक्षिकांना मी शाळा सुटल्यावर एकटीने भेटायचे आणि मैत्रिणींना तिने स्वतःच्या शब्दांत सांगायचे. दिवाळीनंतर पुन्हा दोन्ही कागद भरायचे आहेत. तिने पहिला कागद पेन्सिलने लिहिला होता. तो सात खोडता येईल, एवढ्यासाठीच, असे ती म्हणते.