गळू पिकतं तेव्हा आत काय चालतं: आयएल-८ च्या प्रोजेक्टचा माझा अनुभव

लहानपणी मला मांडीवर गळू झालं होतं तेव्हा आजी गव्हाच्या पिठाचं गरम पोटीस बांधायची आणि रोज सकाळी उघडून बघून म्हणायची, अजून पिकलं नाही, पिकू दे. पिकणं म्हणजे नेमकं काय हे मला कळलं एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरला. डिझर्टेशनला विषय मिळाला होता आयएल-८ म्हणजे इंटरल्यूकिन-८ नावाचं प्रथिन, आणि त्याला माणसाच्या रक्तातले न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कसा प्रतिसाद देतात ते. पू म्हणजे बराचसा मेलेल्या न्यूट्रोफिलचाच ढीग असतो, आणि त्यांना तिथे बोलावून आणणाऱ्यांत आयएल-८ फार पुढे असतं.

प्रथिन एवढंसं आहे, ७२ अमिनो आम्लं, वजन साधारण ८ किलोडाल्टन. १९८७ च्या आसपास दोन-तीन लॅबनी वेगवेगळं काम करून ते शोधलं आणि प्रत्येकाने आपापलं नाव दिलं, त्यामुळे जुने पेपर वाचताना सुरुवातीला मला ही वेगवेगळी प्रथिनं वाटायची. आताचं नाव सीएक्ससीएल-८, पण लॅबमध्ये सगळे आयएल-८ च म्हणतात. उंदरात हे प्रथिनच नसतं, त्याचं काम तिथे दुसरी भावंडं करतात. म्हणून मला माणसाचंच रक्त लागणार होतं, आणि माणसाचं रक्त म्हटलं की एथिक्स कमिटी आलीच.

कमिटीने सांगितलं की संमतीपत्रक मराठीत पण पाहिजे. मला वाटलं एका संध्याकाळचं काम आहे, पण चार दिवस गेले. आयएल-८ हे केमोकाइन, म्हणजे पेशींना बोलावणाऱ्या प्रथिनांपैकी एक, पण केमोकाइनला मराठीत काय लिहायचं? मी आधी "रासायनिक संदेशवाहक" लिहिलं, माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या हे वाचून कोणाला काय कळणार. शेवटी लिहिलं, "जखम झाली की त्या जागेच्या पेशी एक प्रथिन सोडतात, त्याच्या मागावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे पोचतात, त्या कशा पोचतात ते आम्ही बघणार आहोत." ऑफिसमधल्या एका काकांनी ते वाचलं, म्हणाले बरोबर आहे, आणि बाही वर केली. मला अजून वाटतं की पूर्ण थीसिसमधलं सगळ्यात नीट वाक्य तेच आहे.

आता मुख्य काम. १९६२ मध्ये बॉयडन यांनी एक साधी युक्ती मांडली होती, आजही तीच वापरतात. दोन खण, मध्ये बारीक छिद्रांचा फिल्टर, खालच्या खणात आयएल-८, वरच्यात पेशी. न्यूट्रोफिल स्वतः १० मायक्रॉनच्या आसपास आणि माझ्या फिल्टरची छिद्रं ३ मायक्रॉनची, म्हणजे पेशी नुसती खाली पडू शकत नाही, अंग चोरून मुद्दाम घुसावं लागतं. तासाभराने फिल्टर काढायचा, जिमसाने रंगवायचा आणि खालच्या बाजूला किती आल्या ते मोजायचं.

पहिले पाच आठवडे काहीच जमलं नाही. आयएल-८ असलेला खण आणि नुसतं बफर (पेशी ठेवायचं साधं द्रावण) असलेला खण, दोन्हीकडे आकडे जवळजवळ सारखे. मी डोस बदलला, फिल्टरचा लॉट बदलला, प्रथिन खराब झालं असेल म्हणून नवीन व्हायल उघडली (एवढी महाग वस्तू, हात कापत होते), तरी तेच. मग एक दिवस सिनियर ताई माझ्या शेजारी बसली आणि रक्त घेतल्यापासून मी काय काय करते ते एकेक करून सांग म्हणाली. मी सांगितलं की रक्त कलेक्शनच्या ठिकाणाहून आइस बॉक्समध्ये घेते, बॉक्स ॲक्टिव्हाच्या डिकीत ठेवते, विद्यापीठ चौकातून खड्ड्याखड्ड्यातून येते, मग सेंट्रीफ्यूजमध्ये जोरात फिरवते आणि तळाशी बसलेला पेशींचा गोळा (पेलेट) नीट सुटत नाही म्हणून व्हॉर्टेक्स करते, म्हणजे मशीनवर ट्यूब जोरात घुसळते. ती मध्येच थांबवून म्हणाली, अगं, तू त्यांना आधीच जागं करून ठेवतेस, मग आयएल-८ ने त्यांना वेगळं काय सांगायचं?

हेच होतं. न्यूट्रोफिल फार हळवी पेशी आहे. थंडातून एकदम गरमात आणा, जोरात हलवा, बफरमध्ये बॅक्टेरियाचं एंडोटॉक्सिन (त्यांच्या आवरणातलं विष) नावापुरतं असू दे, ती लगेच सावध होते. त्यानंतर मी सगळं बदललं. रक्त लॅबच्याच इमारतीत घ्यायला सुरुवात केली, रूम टेंपरेचरला ठेवलं, डेक्स्ट्रान घालून लाल पेशी बसेपर्यंत ट्यूबला हात लावायचा नाही, मग फायकॉलवर (पेशी वजनाप्रमाणे वेगळ्या करणारं दाट द्रावण) हळूच थर द्यायचा, सेंट्रीफ्यूजचा ब्रेक बंद. उरलेल्या लाल पेशी फोडायला ०.२ टक्के मिठाचं पाणी बरोब्बर ३० सेकंद आणि लगेच तेवढंच १.६ टक्क्याचं, की मिळून ०.९ होतं. व्हॉर्टेक्स बंद, ट्यूब बोटांनी टिचकी मारून हलवायची. सगळं बफर एंडोटॉक्सिन-फ्री आणि पेशी दोन-तीन तासांच्या आत वापरायच्या. डोनरला ताप, सर्दी, पेनकिलर काही असेल तर त्या दिवशी रक्तच घ्यायचं नाही.

पुढच्याच वेळी बफरच्या खणाखाली अगदी तुरळक पेशी आणि १० नॅनोग्रॅमच्या खणाखाली जांभळ्या केंद्रकांची गर्दी. मी मॅडमना बोलवायला पळतच गेले.

गंमत पुढे आहे. मिलीलिटरला १, १०, १०० आणि १००० नॅनोग्रॅम असे डोस लावले तर १००० ला पेशी कमी आल्या. मला वाटलं परत काहीतरी चुकलं. पण तसं नव्हतं. पेशीवर आयएल-८ साठी दोन रिसेप्टर (त्याला ओळखून धरणारी प्रथिनं) असतात, सीएक्ससीआर-१ आणि सीएक्ससीआर-२, प्रथिन जास्त झालं की ते आत ओढले जातात आणि पेशीला कुठल्या बाजूला जास्त आहे तेच कळेनासं होतं. तिला मुळात किती आहे यापेक्षा इकडे जास्त की तिकडे जास्त हे हवं असतं. हे तपासायला १९७३ ची झिगमंड आणि हिर्श यांची चेकरबोर्ड पद्धत केली, म्हणजे वर आणि खाली दोन्हीकडे आयएल-८ सारखंच ठेवलं. पेशी वळवळल्या, थोड्या खालीही आल्या, पण ती गर्दी काही झाली नाही. नुसतं हलणं वेगळं आणि वास लागल्यासारखं एका दिशेने जाणं वेगळं, हे मी वाचलं होतं, पण त्या फिल्टरवर बघितल्यावर पटलं.

मग शरीरात तर रक्त वाहतं, तिथे हा फरक टिकतो कसा, हा प्रश्न मला रात्रभर छळत होता. उत्तर असं की आयएल-८ रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवरच्या हेपरान सल्फेट या साखरेच्या साखळ्यांना चिकटून राहतं, वाहून जात नाही. भिंतीवरून घरंगळत जाणारा न्यूट्रोफिल तिथे त्याला भेटतो, त्याच्या पृष्ठभागावरची इंटिग्रिन नावाची चिकटणारी प्रथिनं भिंतीला घट्ट धरतात, तो थांबतो, चपटा होतो आणि दोन पेशींच्या फटीतून बाहेर.

आणि पोचल्यावर? आयएल-८ घातल्यावर मायक्रोस्कोपखाली काही मिनिटांतच गोल पेशी लांबट होते, एका बाजूला पातळ पदर पुढे काढते. एनबीटी नावाच्या रंगद्रव्याचा प्रयोग केला, ज्यात पेशीने ऑक्सिजनचे मारक रेणू सोडले की पिवळट द्रावणाचे निळेजांभळे कण होतात. नुसत्या आयएल-८ ने रंग फिकाच आला, तेव्हा मी हिरमुसले. पण आधी आयएल-८ देऊन मग एफएमएलपी (बॅक्टेरियाच्या प्रथिनांसारखा छोटा तुकडा) दिला तर नुसत्या एफएमएलपीपेक्षा बराच गडद. म्हणजे ते पेशीला आणतंही आणि तयारही करून ठेवतं, समोर जंतू दिसला की जोरात मारायला.

व्हायवा झाल्यावर कसब्यात आजीकडे गेले आणि हे सगळं सांगितलं. तिने नीट ऐकलं, पोटीस बांधणं बरोबर होतं का विचारलं, मी म्हटलं शेकल्याने तिथला रक्तपुरवठा वाढतो, डॉक्टर पण शेकायला सांगतात. मग म्हणाली, "पण अगं, मग ते यायचे थांबतात कधी?"

हे मला व्हायवात कोणीच विचारलं नव्हतं. मी तिला सांगितलं की न्यूट्रोफिल फार जगत नाही, काम झालं की मरतो आणि त्याला मॅक्रोफेज (साफसफाई करणाऱ्या मोठ्या पेशी) गिळतात, जंतू संपले की आयएल-८ बनणं पण कमी होतं. पण सगळ्यांचं तसं होत नाही. सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या पेशंटच्या बेडक्यात आयएल-८ वाढलेलं सापडतं आणि न्यूट्रोफिल येतच राहतात, जंतू नसले तरी, आणि त्यांचीच एन्झाइम्स फुप्फुस खात राहतात. आजोबांना शेवटची काही वर्षं तोच त्रास होता. ती काही बोलली नाही, उठून चहा टाकायला गेली. पीएचडीच्या अर्जात विषयाच्या रकान्यात मी आता तिचा तोच प्रश्न लिहिलाय.